हप्ता किती, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने?

कर्ज किती घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, याची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. ते फेडायचे कसे, हे मात्र सह्यांच्या टेबलावर, समोरचा माणूस फुलीची खूण करून दाखवील त्या ओळीत, दोन मिनिटांत ठरते. बँकेच्या परळ भागातील शाखेत कर्जविभाग सांभाळताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्या दोन मिनिटांची किंमत लोक पुढे दहा-पंधरा वर्षे मोजताना पाहिले. या वेळी आलेल्या पत्रांतून परतफेडीविषयीची चार पत्रे त्यासाठीच निवडली आहेत.

प्रश्न : लालबागमध्ये आमचे मसाल्याचे छोटे दुकान आहे. नवे कांडप यंत्र घेण्यासाठी एका वित्तसंस्थेकडून तीन लाख रुपयांचे, तीन वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेत आहोत. प्रतिनिधीने व्याज बारा टक्के आणि हप्ता ११,३३३ रुपये सांगितला आहे, तारीख दरमहा ५. परतफेड खात्यातून आपोआप वजावटीने करावी, यूपीआयने करावी की आगाऊ तारखांचे ३६ चेक द्यावेत, ते तुम्हीच ठरवा, असे तो म्हणतो. आमचा धंदा मार्च ते मे या महिन्यांत जोरात आणि पावसाळ्यात अगदी मंद असतो. कोणता मार्ग निवडावा?
— एक वाचक भगिनी, लालबाग

उत्तर : मार्ग निवडण्याआधी हप्त्याचा आकडा तपासू या, कारण त्यातच एक गोष्ट दडलेली आहे. तीन लाखांवर बारा टक्के दराने, दरमहा घटत्या शिल्लकेवर व्याज धरले, तर तीन वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ९,९६४ रुपये येतो. आपल्याला सांगितलेला हप्ता ११,३३३ रुपयांचा आहे. म्हणजे हे व्याज ‘फ्लॅट’ पद्धतीचे आहे: मुद्दल दर महिन्याला कमी होत असले, तरी व्याज मात्र तिन्ही वर्षे पूर्ण तीन लाखांवर मोजले आहे. या पद्धतीत व्याजाचे १,०८,००० रुपये होतात, तर घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत सुमारे ५८,७००. घटत्या शिल्लकेच्या भाषेत बोलायचे, तर हा दर बारा नसून एकवीस टक्क्यांच्या थोडा वर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर आणि परतफेडीचे वेळापत्रक हवे, आणि विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. ते मराठीत मागा, घरी आणा आणि दुसऱ्या एखाद्या बँकेच्या विवरणपत्राशेजारी ठेवून वाचा. तोंडी सांगितलेल्या ‘बारा टक्क्यां’वर सही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आपल्या धंद्याच्या चालीकडे वळू. आपली कमाई मार्च ते मे या काळात होते, असे आपण लिहिता. परंतु त्या कमाईसाठी लागणारी मिरची, धणे आणि गरम मसाल्याचा माल वाशीच्या बाजारातून फेब्रुवारीतच भरावा लागत असणार. म्हणजे हप्त्याची खरी ओढाताण पावसाळ्याइतकीच फेब्रुवारी-मार्चमध्येही होईल, जेव्हा दुकान मालाने भरलेले असेल आणि गल्ला रिकामा असेल. ही गोष्ट संस्थेच्या प्रतिनिधीला आपण होऊन सांगा. ठरावीक महिन्यांत मोठा आणि एरवी लहान हप्ता, अशी रचना काही संस्था करून देतात. मात्र ती मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. ती मिळत नसेल, तर हप्ता मंद महिन्यांत झेपेल एवढाच ठेवावा, त्यासाठी मुदत थोडी वाढली तरी चालेल, आणि मे महिन्यात हाती आलेल्या पैशातून मुद्दलाचा एक मोठा तुकडा भरावा. त्याआधी विवरणपत्रात मुदतपूर्व भरण्याच्या शुल्काची ओळ शोधा. स्थिर दराच्या कर्जावर असे शुल्क लागू शकते. पण जे शुल्क विवरणपत्रात लिहिलेले नाही, ते आपल्या स्पष्ट संमतीशिवाय मागाहून लावता येत नाही.

आता तीन मार्गांविषयी. चेक दिले की आपला ताबा राहतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वस्तुतः ३६ सह्या केलेले चेक दुसऱ्याच्या कपाटात पडून असतात, आणि त्यातील एक जरी न वटला, तरी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो, ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चेक न देता खात्यातून वजावटीची संमती दिली म्हणजे हा धोका टळतो, असेही समजू नये. २००७ च्या देयक व समाशोधन प्रणालीविषयक कायद्याच्या कलम २५ मध्ये, शिल्लक नसल्यामुळे परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक वजावटीसाठी अशीच शिक्षा सांगितली आहे. तेव्हा खटल्याच्या भीतीपोटी एक मार्ग सोडून दुसरा धरण्यात अर्थ नाही. मी आपल्या जागी असतो, तर चेक दिले नसते; आणि संस्थेने आग्रहच धरला, तर संस्थेचे नाव, तारीख व रक्कम भरल्याशिवाय एकाही चेकवर सही केली नसती आणि सर्व चेक क्रमांकांची पोच लेखी घेतली असती.

खात्यातून आपोआप वजावटीची जी व्यवस्था आहे, तिला बँकेत ‘नॅच’ म्हणतात. ती राष्ट्रीय देयक महामंडळ चालवते. तिच्या संमतीपत्रावर दोन रकाने असतात, ज्यांकडे कोणी पाहत नाही: कमाल रक्कम आणि शेवटची तारीख. कमाल रक्कम हप्त्याच्या कित्येक पट लिहिलेली मी पाहिली आहे. ती हप्त्याच्या जवळपास आणि शेवटची तारीख कर्जाच्या मुदतीच्या जवळपास असावी, असा आग्रह धरा. यूपीआयच्या स्वयंचलित व्यवस्थेत १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता जातो आणि किमान चोवीस तास आधी सूचना येते. आपला हप्ता या मर्यादेत बसतो, संमती फोनवरच पाहता येते, आणि आदल्या दिवशी येणारी सूचना रोजच्या रोखीच्या धंद्यात फार उपयोगाची ठरते. म्हणून संस्थेची तयारी असेल, तर आपल्यासाठी मी हा मार्ग सुचवीन. मात्र हप्त्यासाठी वेगळे बचत खाते उघडा आणि दर शनिवारी गल्ल्यातून अडीच-तीन हजार रुपये त्यात भरा. आपल्या भागात पतपेढीच्या पिग्मीची, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे जमा करण्याची, सवय जुनी आहे. तीच शिस्त स्वतःच्या खात्यासाठी लावायची आहे. जोराच्या तीन महिन्यांत दर शनिवारी याच्या दुप्पट रक्कम टाकली, तर पावसाळ्यातील हप्त्यांची बरीचशी सोय आधीच होऊन बसेल.

प्रश्न : मी भांडुपला राहतो आणि खासगी कंपनीत नोकरी करतो. २०२१ मध्ये ४० लाखांचे गृहकर्ज ६.९० टक्के बदलत्या दराने घेतले. पुढे दर वाढत गेले, तेव्हा बँकेने हप्ताही वाढवला आणि मुदतही लांबवली. आता ३६ लाख शिल्लक आहेत, हप्ता ३४,००० आहे आणि दर उतरून ८.१५ टक्के झाला आहे. बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत? शिवाय बोनसचे दोन लाख हाती आहेत. मुलाच्या महाविद्यालयाचा खर्च पुढच्या वर्षी सुरू होईल.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आपली बँक विचारते आहे, हे चांगले लक्षण आहे, तसे विचारणे तिचे कर्तव्यही आहे. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते, तो रेपो दर २०२१ मध्ये ४ टक्के होता. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला आणि २०२५ च्या वर्षभरात पुन्हा ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. आपला दर रेपोशी जोडलेला असल्यामुळे त्याच पायऱ्या तो चढला आणि उतरला. या चढत्या काळात हजारो घरांत जे घडले, ते आकड्यांतून समजून घेण्यासारखे आहे. आपला मूळ हप्ता वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ३०,७७० रुपये असणार. दर ९.४० टक्क्यांवर पोचला असताना ३८ लाखांच्या शिल्लकेवर एका महिन्याचे नुसते व्याजच २९,७६७ रुपये होते. म्हणजे हप्ता तोच ठेवला असता, तर दरमहा जेमतेम हजार रुपये मुद्दलात जमा झाले असते आणि कर्ज निवृत्तीनंतरही संपले नसते. अनेक कर्जदारांना मुदत अशी लांबल्याचे कळलेही नाही. म्हणूनच १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड कर्जदाराला द्यावी, त्याला अंशतः किंवा पूर्ण परतफेडीची मुभा असावी, आणि वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्ता, उरलेले हप्ते व दर यांचे विवरण दर तिमाहीला मिळावे. ते तिमाही विवरण आपल्याला मिळत नसेल, तर प्रथम तेच मागा.

आता आपला प्रश्न. ३६ लाखांवर ३४,००० रुपयांच्या हप्त्याने, ९.४० टक्के दर कायम राहिला असता, तर सुमारे २२७ हप्ते उरले असते. दर ८.१५ झाल्यावर हप्ता तोच ठेवला, तर १८८ हप्ते उरतात, म्हणजे सव्वातीन वर्षे वाचतात. याउलट मुदत २२७ महिनेच ठेवून हप्ता उतरवला, तर तो सुमारे ३१,१५० रुपये होतो आणि दरमहा २,८५० रुपये हातात राहतात. या दोन मार्गांत शेवटपर्यंत भरायच्या एकूण रकमेतील फरक सुमारे ६.९ लाखांचा आहे. पंधरा वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत आजच्या रुपयाएवढी नसते, हे मान्य करूनही हा फरक मोठाच राहतो. आपल्याला ३४,००० रुपये भरण्याची सवय झाली आहे, संसार त्या आकड्याभोवती बसला आहे. म्हणून हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा निर्णय तोंडी न सांगता ई-मेलने किंवा शाखेत अर्ज देऊन कळवा आणि सुधारित वेळापत्रक हातात घ्या.

बोनसच्या दोन लाखांचे मात्र मी वेगळे सांगतो. ते आज भरले, तर शिल्लक ३४ लाखांवर येते आणि १८८ ऐवजी १६८ हप्ते उरतात. दोन लाख भरून वीस हप्ते टळतात, म्हणजे दर असाच राहिला तर व्याजाचे साडेचार लाखांहून अधिक रुपये वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केली आहे, त्यामुळे तोही अडथळा नाही. तरीही मी विचारीन, की नोकरी चार महिने गेली, तर हप्ता कोठून भराल? गृहकर्जात भरलेला पैसा साधारणतः परत काढता येत नाही. घरात चार-पाच हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी गंगाजळी आधीच असेल, तरच दोन्ही लाख भरा. नसेल, तर एक लाख कर्जात आणि एक लाख मुदत ठेवीत ठेवा. मुलाच्या फीचे पैसे यातून धरले असतील, तर कर्जात एक रुपयाही भरू नका. कारण फी भरण्यासाठी मागाहून घ्यावे लागणारे वैयक्तिक कर्ज ८.१५ टक्क्यांनी मिळणार नाही. आणि रक्कम भराल तेव्हा ‘हप्ता तोच, मुदत कमी’ हे शब्द अर्जात लिहा. ते न लिहिल्यामुळे ती रक्कम पुढील हप्त्यांपोटी आगाऊ जमा झाल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि तसे झाले की व्याजाची ही सगळी बचत वाया जाते.

प्रश्न : माझा पगार ठेकेदाराकडून ७ ते १० तारखेदरम्यान होतो आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता २ तारखेला जातो. २ तारीख रविवारी आली, की हप्ता सोमवारी जाईल असे समजून मी निर्धास्त राहिलो, तर रविवारीच वजावट झाली आणि शिल्लक अपुरी पडली. माझ्या बँकेनेही दंड घेतला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनेही.
— एक वाचक, मानखुर्द

उत्तर : १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचची वजावट आठवड्याचे सातही दिवस होते, रविवार आणि बँकेची सुट्टी आता हप्त्याला आडवी येत नाही. आपल्याकडून दोन ठिकाणी शुल्क घेतले गेले, कारण वजावट परत गेल्याचे शुल्क आपली बँक लावते आणि हप्ता चुकल्याचे शुल्क कर्जदाती संस्था लावते. मात्र त्या दुसऱ्या शुल्काला मर्यादा आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार हा दंड व्याजदरात मिसळून ‘दंडव्याज’ म्हणून लावता येत नाही, तो वेगळे शुल्क म्हणूनच दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आपल्या खातेउताऱ्यात तसे झाले आहे का, ते पाहा.

मूळ दुखणे तारखेचे आहे. शेवटच्या तीन महिन्यांचे पगार जमा झाल्याचे खातेउतारे जोडून हप्त्याची तारीख १२ किंवा १५ करण्याचा लेखी अर्ज करा. मधल्या दिवसांचे थोडे व्याज एकदाच भरावे लागेल आणि वजावटीची नवी संमती द्यावी लागेल. नवी संमती नोंदली जाऊन जुनी रद्द झाल्याची खात्री होईपर्यंत त्या महिन्याचा हप्ता स्वतः भरा. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. कर्जखात्यांची माहिती १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे प्रत्येकाच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, जाते, त्यामुळे आठ दिवसांचा उशीरही नोंदीत उमटू शकतो. संस्थेने अर्जाला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दंडाबाबत असमाधानकारक उत्तर दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

प्रश्न : दुचाकीच्या कर्जाचे चार हप्ते उरले आहेत. वसुलीला येणारा माणूस म्हणतो, माझ्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून एकरकमी भर, काही रक्कम माफ करून देतो. भरावे का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : भरू नये. कर्जाचा पैसा आपल्या खात्यातून थेट कर्जदात्या संस्थेच्या खात्यात गेला पाहिजे. वसुलीच्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेलेला पैसा कर्जखात्यात जमा होईलच, याची कोणतीही हमी नसते, आणि तो न झाल्यास थकबाकी आपल्याच नावावर राहते. रक्कम माफ होणार असेल, तर ते संस्थेच्या अधिकृत पत्रावर लिहून मिळायला हवे, आणि त्या पत्रात ‘तडजोड’ हा शब्द आहे का, हे पाहायला हवे. कारण तडजोडीने बंद झालेले कर्ज पतमाहितीत तसेच नोंदले जाते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवे येते. चार हप्त्यांतील थोड्या सवलतीसाठी तो डाग लावून घेऊ नये. हा माणूस सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करत असेल, तर तेही नियमाविरुद्ध आहे.

संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र घ्या, त्या तारखेपर्यंतची रक्कम स्वतःच्या खात्यातून भरा आणि पावती ठेवा. नंतर वजावटीची संमती आपल्या बँकेत जाऊन रद्द करा. कर्ज संपल्यावरही एखादा हप्ता कापला गेल्याच्या तक्रारी शाखेत नेहमी येत असत. चेक दिले असतील, तर उरलेले परत मागा. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आपल्या बाबतीत संस्थेकडून बेबाकी दाखला (काहीही देणे बाकी नसल्याचा दाखला) आणि सही-शिक्क्यासह नमुना क्रमांक ३५ घ्या आणि तो नोंदणी प्रमाणपत्रासह वडाळ्याच्या परिवहन कार्यालयाकडे सादर करून प्रमाणपत्रावरील संस्थेचे नाव काढून घ्या. ते नाव राहिले, तर गाडी विकायच्या दिवशी आपल्याला पुन्हा त्याच संस्थेचा दरवाजा शोधावा लागेल.